हंगेरीची सरदार घराणी: रक्तात न्हाणारी बाई सोडून कोण आठवतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नुकतीच लेकीकडे बुडापेस्टला तीन आठवडे राहून आले. निघायच्या आधी ज्याला ज्याला सांगितलं, त्यातल्या निम्म्यांनी तरी हेच विचारलं, "कुमारिकांच्या रक्तानं अंघोळ करायची ती सरदारीण तिथलीच ना?" परत आल्यावरही तेच. जणू हजार वर्षांत त्या देशातल्या घराण्यांत दुसरं माणूस जन्मलंच नाही.

मला तिथे वेगळंच कोणी भेटलं. लेक ऑफिसला गेली की मी दुना (डॅन्यूब) नदीवरच्या साखळीपुलापाशी जाऊन बसायचे, दगडी सिंहांच्या पायथ्याशी. पाच हजार फोरिंटच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे, त्या काउंट इश्त्वान सेचेन्यीच्या खटपटीतून हा पूल उभा राहिला. १८२० च्या डिसेंबरात त्याचे वडील व्हिएन्नात वारले. हा पूर्वेकडून निघालेला, पेश्तपर्यंत, म्हणजे नदीच्या अलीकडच्या पूर्व काठापर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. हिवाळ्यात होड्यांचा पूल काढून ठेवत आणि नदीत बर्फाच्या लाद्या वाहत असत. आठवडाभर त्याला पलीकडे जाताच आलं नाही.

पण मला धरून ठेवलं ते टोलच्या गोष्टीनं. होड्यांच्या पुलावर टोल होताच, तो फक्त सामान्यांना. उमरावाला माफ. १८३६ च्या कायद्यानं ठरवलं की या नव्या पुलावरून जाणारा प्रत्येक जण पैसे भरेल, उमराव असो की भाजीवाली. शतकानुशतकांच्या करमाफीला चीर पडली ती एका टोलनाक्यावर, आणि ती पाडणारा माणूस त्याच वर्गातला.

तर प्रश्न असा: ज्यांना जन्मतःच सगळं ताटात वाढून मिळालं होतं, त्यांच्यापैकी कोणी ताट पुढे सरकवलं का? कोणतं घराणं, कोणती व्यक्ती तुम्हाला माहीत आहे? मनापासून जाणून घ्यायचंय.

कट्टेकरी

वाचतोय. हंगेरी म्हटलं की मला फुटबॉलपटू पुश्काश आणि रुबिकचा ठोकळा आठवतो, दोघंही उमराव नव्हेत. जागा पकडून ठेवतो.

जुनीपोथी

सुंदर धागा. आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचे प्रतिसाद समजायला सोपे जातील.

१२२२ साली राजा दुसरा आन्द्राश याच्याकडून उमरावांनी एक सनद लिहून घेतली. तिला सोन्याची मुद्रा लटकवलेली, म्हणून ती 'सोनेरी सनद'. करमाफी, चौकशीशिवाय अटक नाही, आणि राजानं सनद मोडली तर विरोध करायचा हक्क, अशी कलमं तीत होती. १५१४ साली इश्त्वान वेर्बोत्सी या कायदेपंडितानं सगळा रूढ कायदा एकत्र लिहून काढला. त्यात म्हटलंय की हंगेरीतला प्रत्येक उमराव हक्कानं सारखाच. दहा किल्ल्यांचा धनी आणि एका झोपडीचा धनी, कायद्यासमोर दोघं एक.

म्हणूनच तिथे उमरावांची संख्या भलतीच मोठी होती, शंभरात साधारण पाच. त्यातले कितीक स्वतः नांगर धरायचे. त्यांना लोकांनी नाव दिलं होतं 'सात आलुबुखारांच्या झाडांचा उमराव', म्हणजे ज्याची मालमत्ता मोजून तेवढीच झाडं. दुसरं नाव 'वहाणावाला उमराव', कारण बूट परवडत नसत. १८४८ च्या क्रांतीचा पुढारी लायोश कोशुत असाच, जमीन नसलेल्या उमराव घरातला वकील.

एस्तेरहाझी, बात्त्यानी, पाल्फी ही मंडळी वरच्या थरातली. काउंट, बॅरन या पिढीजात पदव्या मुख्यतः ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या राजांनी, जे हंगेरीवरही राज्य करत, सोळाव्या-सतराव्या शतकापासून खिरापतीसारख्या वाटल्या.

दुनातीर

गोदाकाठताई, मी नऊ वर्षं इथेच आहे. पुढच्या वेळी आलात की नक्की कळवा.

जुनीपोथींच्या माहितीत एक मराठी माणसाला आवडेल अशी भर. हंगेरियनमध्ये गावाच्या नावाला 'इ' लावला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. देब्रेत्सेनचा तो देब्रेत्सेनी. आपलं पुणेकर, नगरकर तसंच. उमराव घराण्यांनी हा 'इ' जुन्या वळणानं, वेगळ्या अक्षरानं लिहायची पद्धत ठेवली, त्यामुळे आडनावाचं शेवटचं अक्षर बघून लोक अजून अंदाज बांधतात. माझ्या कार्यालयात एक जण आहे, त्याच्या आडनावात ते अक्षर आहे. नव्या माणसाला नाव सांगताना तो ते अक्षर आवर्जून सांगतो.

आणि हो, आडनाव आधी, नाव नंतर. सेचेन्यी इश्त्वान. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.

रानवाटा

धागाकर्तीचा रोख कळला, तरी त्या बाईबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्या मते तिच्यावर अन्याय झालाय. एर्झेबेत बातोरी, जन्म १५६०. नवरा फेरेन्त्स नादश्दी तुर्कांशी लढणारा सेनानी, तो १६०४ ला गेला. विधवा, अफाट जमीन, राजाकडून येणं असलेलं कर्ज. १६१० च्या डिसेंबरात पालाटिन, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, द्यॉर्ज थुर्झोनं तिला चेयतेच्या किल्ल्यात पकडलं. तिच्यावर खटला कधी चाललाच नाही. नोकरांचे हाल करून कबुलीजबाब घेतले आणि १६११ च्या जानेवारीत त्यांना मारून टाकलं. ही १६१४ मध्ये कोंडलेल्या अवस्थेतच मेली.

रक्ताच्या अंघोळीचा त्या काळच्या कुठल्याच जबाबात उल्लेख नाही. ती गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १७२९ साली, एका जेझुइट पाद्र्याच्या पुस्तकात. शंभराहून जास्त वर्षांनी!

फिर्यादी

रानवाटा, अंघोळ ही दंतकथा, मान्य. पण बाई निर्दोष, असं म्हणणं फार पुढचं झालं. थुर्झोच्या लेखनिकांनी तीनशेहून अधिक लोकांचे जबाब घेतले. सगळेच हाल करून घेतलेले नव्हते. पाद्री, गावकरी, दुसऱ्या वाड्यांचे कारभारी असे लोक त्यात आहेत. कामाला ठेवलेल्या पोरी मारहाणीनं मेल्या आणि रातोरात पुरल्या, हे वेगवेगळ्या गावचे लोक सांगतात. नोकरांना देहदंड आणि मालकिणीला भिंतीआड कोठडी, यातच त्या समाजाचा न्याय दिसतो. खटला चालला असता तर घराण्याची अब्रू आणि जमीन दोन्ही गेली असती. ती वाचवायला नातेवाइकांनीच खटला होऊ दिला नाही, हेही तितकंच खरं.

मला त्या पोरींची काळजी वाटते. चारशे वर्षं सगळे बाईबद्दल भांडतात, पोरींची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

रानवाटा

फिर्यादी, शेवटचं वाक्य लागलं. माझं म्हणणं थोडं मागे घेतो. कट होता की नाही यावर वाद चालू राहील, पण मेलेल्या मुलींबद्दल मी विचारच केला नव्हता.

गोदाकाठ

दोघांचे आभार, पण आता बाईंना विश्रांती देऊ या का? त्याच घराण्यातला दुसरा कोणी?

जुनीपोथी

आहे की! तिचा सख्खा मामा. इश्त्वान बातोरी. आधी ट्रान्सिल्व्हेनियाचा (आज रोमानियात) सत्ताधीश, मग १५७६ पासून पोलंडचा राजा, तोही निवडून आलेला. पोलिश येत नव्हतं, लॅटिनवर राज्यकारभार चालवला. रशियाच्या इव्हान द टेरिबलला हरवून तह करायला लावला, विल्नो म्हणजे आजच्या व्हिल्नियसच्या विद्यापीठाची १५७९ ला स्थापना केली. पोलंडमध्ये आजही त्याचं नाव आदरानं घेतात. एकाच घरातला मामा आणि भाची, आणि जगाला फक्त भाची माहीत.

सूरसाधक

माझा विषय आला म्हणून लिहितो. एस्तेरहाझी नसते तर संगीतकार हायडन असा घडला नसता. १७६१ मध्ये त्याला नोकरीवर घेतलं, तो करार वाचण्यासारखा आहे. पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर, आणि दुपारच्या आधी नि नंतर दिवाणखान्याबाहेर उभं राहून 'आज महाराजांना काय ऐकायचंय' हे विचारायचं. थोडक्यात, गणवेशातला नोकर.

पण धनी मिक्लोश एस्तेरहाझी स्वतः बारिटोन नावाचं वाद्य वाजवायचा. फार किचकट वाद्य, पुढच्या तारा गजानं वाजवायच्या आणि मानेच्या मागच्या तारा अंगठ्यानं छेडायच्या. त्याच्यासाठी हायडननं शंभरावर त्रिकुटं लिहिली. फेर्तो तळ्याच्या दलदलीत मिक्लोशनं १२६ खोल्यांचा राजवाडा उठवला, त्यात ऑपेराचं थिएटर आणि बाहुल्यांचं थिएटर.

१७७२ ची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या वर्षी धन्याचा मुक्काम हलेना. वादकांची बायकापोरं आयझेनश्टाटला. हायडननं एक सिंफनी लिहिली, तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपला तुकडा संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि वाद्य काखेत मारून निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. अर्ज नाही, विनंती नाही. महाराजांना समजलं आणि मंडळी घरी गेली, असं सांगतात.

मी हे एकदा मैफलीत पाहिलंय. शेवटचे दोघं वाजवत असताना सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. अजून अंगावर काटा येतो.

खवय्यी

सूरसाधक, किती छान लिहिलंत! मला एस्तेरहाझी केकवरून माहीत. अक्रोड किंवा बदामाच्या पुडीचे पातळ पापुद्रे, मध्ये क्रीम, आणि वर पांढऱ्या साखरपाकावर चॉकलेटच्या रेघा. त्या रेघा ओल्या असतानाच सुरीच्या टोकानं आडव्या ओढल्या की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. मी घरी तीनदा केलाय. पहिल्या दोन वेळा पापुद्रे भाजताना वातड झाले. ओव्हन १६० वर ठेवून दार मुळीच न उघडता केला तेव्हा जमला. पाककृती वेगळ्या धाग्यात टाकते.

आडवाटेचा

केक, संगीत, राजवाडे, सगळं ठीक. पण हे सगळं कोणाच्या जिवावर? १७६७ ला राणी मारिया तेरेझानं कुळांच्या कामाचे नियम ठरवले, ते बघा. पूर्ण वाट्याची जमीन कसणाऱ्यानं धन्याच्या शेतावर वर्षाला ५२ दिवस स्वतःच्या बैलांसकट फुकट राबायचं, बैल नसतील तर १०४ दिवस. वर पिकाचा नववा हिस्सा धन्याला, दहावा चर्चला. आणि हे नियम *सुधारणा* म्हणून आले होते, कारण आधी धनी सांगेल तितकं!

१५१४ मध्ये द्यॉर्ज दोझाच्या मागे शेतकरी उठले. उठाव मोडल्यावर दोझाला तापलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून, डोक्यावर तापलेला मुकुट ठेवून मारलं. त्याच वर्षी वेर्बोत्सीचा तो कायदा, ज्याचं वर कौतुक झालं. उमराव सगळे सारखे, आणि शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला बांधलेला. ही दुसरी बाजू धाग्यात यायलाच हवी.

जुनीपोथी

आडवाटेचा, यायलाच हवी, आणि मीच लिहायला हवी होती. कौतुक करायचा हेतू नव्हता, पण वाचताना तसं झालंय खरं.

याला जोडून सेचेन्यीचाच एक किस्सा. १८२८ मध्ये त्यानं व्हिएन्नाच्या एका पेढीकडे दहा हजार फोरिंट कर्ज मागितलं. नकार मिळाला. एवढी जमीन असून नकार का? कारण १३५१ च्या कायद्यानं उमरावाची जमीन घराण्याबाहेर विकताच येत नव्हती, वंश संपला तर ती राजाकडे जायची. विकता येत नाही म्हणजे तारणही नाही. आपल्याकडच्या वतनासारखंच, वतन आहे पण हातात रोकडा नाही. या नकारावर तो नुसता चिडून बसला नाही. १८३० मध्ये त्यानं कर्ज आणि पत या विषयावर पुस्तकच लिहिलं. त्यात म्हटलं की फुकटची वेठ ही धन्याच्याही तोट्याची आहे, कारण जबरदस्तीनं आलेला माणूस मन लावून नांगरत नाही. उमरावांनी त्याच्यावर तुटून पडायचं बाकी ठेवलं नाही.

गडकोट

मी किल्ल्यांचा माणूस, म्हणून झ्रीन्यी घराण्याबद्दल. १५६६, सिगेतवार. आत मिक्लोश झ्रीन्यी अडीच हजारांच्या आसपास शिबंदी घेऊन, बाहेर खुद्द तुर्की सुलतान सुलेमानची प्रचंड फौज. महिनाभर झुंज चालली. शेवटी आतला कोट पेटला, तेव्हा झ्रीन्यी उरलेल्या माणसांना घेऊन दरवाजा उघडून बाहेर पडला आणि लढता लढता मेला. त्याला ठाऊक नव्हतं की सुलतान आधीच तंबूत वारलाय. वजीर सोकुलू मेहमेद पाशानं ती बातमी दाबून ठेवली होती. व्हिएन्नाची वाट तिथेच थांबली.

पण मला जास्त जवळची वाटते ती त्याच घरातली इलोना झ्रीन्यी. सिगेतवारचा वीर तिचा खापरपणजोबा. तिच्या वडिलांना, पेतर झ्रीन्यींना, हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या कटासाठी १६७१ मध्ये देहदंड झाला. नवरा राकोत्सी लवकर गेला. पुढे तिनं बंडखोर इम्रे थोकोयीशी लग्न केलं. तो परागंदा झाल्यावर मुन्काचचा गड हिनं एकटीनं सम्राटाच्या फौजेपुढे लढवला, १६८५ पासून १६८८ च्या जानेवारीपर्यंत. गडावर तिची दोन मुलं होती, धाकटा फेरेन्त्स दहा-बारा वर्षांचा. गड सोडावा लागला तेव्हा मुलांची ताटातूट करून तिला व्हिएन्नाच्या मठात ठेवलं. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली, नवऱ्यामागे तुर्कस्तानात गेली, आणि १७०३ ला तिथेच वारली. मुलगा तिला परत भेटला नाही.

दुनातीर

तो मुलगा आमच्या पाचशेच्या नोटेवर आहे! दुसरा फेरेन्त्स राकोत्सी. आई गेली त्याच वर्षी, १७०३ मध्ये, त्यानं सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारलं. देशातला सगळ्यात मोठा जमीनदार, आणि त्याच्या सैन्यात बहुतेक अनवाणी शेतकरी. गोदाकाठताई, हा तुमच्या प्रश्नात बसतो. लढणाऱ्या कुळांना वेठीतून मोकळं करायचं त्यानं कबूल केलं आणि १७०८ मध्ये शारोशपातकच्या सभेत तसा कायदाही केला. १७११ ला तो युद्ध हरला. माफी मागून जमीन ठेवता आली असती. नाही मागितली. तुर्कस्तानात मार्मारा समुद्राकाठी रोदोश्तो गावात १७३५ साली मेला. तिथे त्याचा सेवक मिकेश कल्पनेतल्या एका काकूला पत्रं लिहीत राहिला, आणि ती पत्रं हंगेरियन गद्याचा ठेवा ठरली.

माय-लेकांच्या अस्थी १९०६ मध्ये एकत्रच परत आणल्या. कॉशीत्सेच्या चर्चमध्ये दोघंही आहेत.

गडकोट

माय-लेक शेवटी एकत्र आले हे माहीत नव्हतं. धन्यवाद दुनातीर.

प्रश्नचिन्ह

एक शंका. माझी क्रोएशियन सहकारी म्हणते झ्रीन्यी आमचे, नाव झ्रिन्स्की. कॉशीत्से तर स्लोव्हाकियात आहे. मुन्काच युक्रेनमध्ये. मग ही 'हंगेरियन' घराणी कशी?

जुनीपोथी

दोन्ही बरोबर. त्या काळी हंगेरीचं राज्य म्हणजे कार्पेथियन डोंगरांच्या आतला सगळा मुलूख, आणि क्रोएशिया त्याच मुकुटाखाली. राज्यकारभाराची भाषा १८४४ पर्यंत लॅटिन होती, त्यामुळे घरी काय बोलता याला राजकारणात किंमत नव्हती. सिगेतवारच्या वीराचा पणतू मिक्लोश यानं त्या वेढ्यावर हंगेरियनमध्ये महाकाव्य लिहिलं, आणि सख्खा भाऊ पेतर यानं ते क्रोएशियनमध्ये आणलं. एका घरात दोन भाषा, दोन्हींत तेच पणजोबा. (तो कवी मिक्लोश १६६४ मध्ये शिकारीत रानडुकरानं मारला.) पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रिआनोंच्या तहात दोन-तृतीयांश मुलूख गेला, तेव्हा बहुतेक घराण्यांचे वाडे दुसऱ्या देशात गेले.

बालवाडीताई

सगळे लढाया सांगतायत, मी बालवाडी सांगते. तेरेझ ब्रुन्सविक, काउंटेस. ती आणि तिची बहीण योझेफिन बेथोवनच्या शिष्या. बेथोवननं एक सोनाटा तेरेझला अर्पण केलाय. योझेफिनवर तर त्याचं प्रेम होतं, त्याची पत्रं शिल्लक आहेत. लोक तिथेच थांबतात.

तेरेझनं लग्न केलं नाही. स्वित्झर्लंडला जाऊन शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीची शाळा पाहिली, बहिणीची मुलं वाढवली. आणि १ जून १८२८ ला बुडात, आईच्या घरात, कामकरी आयांच्या लहानग्यांसाठी बालशाळा उघडली. नाव 'देवदूतांची बाग'. हंगेरीतली पहिलीच. फ्रोबेलचं किंडरगार्टन त्यानंतर बारा वर्षांनी. तीस वर्षं मी बालवाडी चालवली, प्रशिक्षणात हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. काउंटेसनं धुणंवालीच्या पोराचं शेंबडं नाक पुसलं असेल, हा विचार मनात आला तेव्हा मला फार बरं वाटलं.

स्टेथोस्कोप

बालवाडीताईंना दंडवत. माझ्याकडून लास्लो बात्त्यानी-श्त्राटमन. १८७० चा जन्म, राजपुत्र ही पदवी, अफाट इस्टेट आणि तेरा मुलं. तरी व्हिएन्नात डॉक्टरी शिकला, डोळ्यांचा सर्जन झाला. १९०२ मध्ये खेड्यात स्वतःच्या पैशानं इस्पितळ काढलं, नंतर क्योर्मेंदच्या वाड्यातही दवाखाना चालवला. गरिबांकडून पैसे नाहीत, उलट औषधाला पैसे द्यायचा. मोबदल्यात एक प्रार्थना म्हणा, एवढंच मागणं. २००३ मध्ये पोपनं त्याला 'धन्य' म्हणून, म्हणजे संतपदाच्या एक पायरी आधी, घोषित केलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या काळी किती जिकिरीची होती हे माहीत असल्यामुळे मला त्याचं जास्त वाटतं. टाके घालायची साधनं अपुरी, रुग्णाला दिवसचे दिवस न हलता उताणं पडून राहायला लागायचं. श्रीमंतानं देणगी देणं वेगळं आणि रोज सकाळी शंभर माणसांच्या चिकट डोळ्यांत वाकून बघणं वेगळं.

घाटमाथा

दुसरा बात्त्यानी विसरू नका. लायोश बात्त्यानी, १८४८ च्या हंगेरीचा पहिला पंतप्रधान. त्याच वर्षी वेठ आणि करमाफी दोन्ही रद्द झाली. म्हणजे उमरावांच्या सभेनंच उमरावांचे हक्क काढून घेतले. क्रांती मोडल्यावर ऑस्ट्रियानं ६ ऑक्टोबर १८४९ ला त्याला गोळ्या घातल्या. फाशी ठरली होती, पण आत लपवून आणलेल्या सुरीनं त्यानं गळ्यावर वार करून घेतले, त्यामुळे दोर लावता येईना. त्याच दिवशी आरादला तेरा सेनानींना मारलं.

आणि द्युला अंद्राशी. तोही बंडात होता, पळून गेला. १८५१ मध्ये पेश्तमध्ये त्याच्या नावाची पाटी फासावर टांगली. सोळा वर्षांनी तोच पंतप्रधान झाला आणि राज्याभिषेकात सम्राट फ्रान्झ योझेफच्या डोक्यावर मुकुट ठेवायला तोच होता! पॅरिसच्या बायका त्याला 'फासावर लटकलेला देखणा' म्हणायच्या.

कट्टेकरी

पाटीला फाशी आणि माणसाला पंतप्रधानपद! यावर तर नाटक व्हायला हवं.

आडवाटेचा

गोदाकाठताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: मिहाय कारोयी. १९१८ च्या प्रजासत्ताकाचा पुढारी, मग राष्ट्राध्यक्ष. २३ फेब्रुवारी १९१९ ला कापोल्नाच्या आपल्या जमिनीचं वाटप त्यानं स्वतः उभं राहून सुरू केलं. महिन्याभरात सरकार पडलं, पुढच्या राजवटीनं देशद्रोही ठरवून सगळी मालमत्ता जप्त केली. उरलेलं आयुष्य बहुतेक परदेशात. त्याला दोष देणारे आजही पुष्कळ आहेत, राज्य सांभाळता आलं नाही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ताट पुढे सरकवणारा म्हणाल तर हाच. बाकीच्यांनी भाषणं केली, यानं जमीन दिली.

फिर्यादी

आडवाटेचा, बाकीच्यांनी फक्त भाषणं केली हे पटत नाही. यानोश एस्तेरहाझी बघा. त्रिआनोंनंतर तो स्लोव्हाकियातल्या हंगेरियन अल्पसंख्याकांचा पुढारी. १५ मे १९४२ ला स्लोव्हाक संसदेत ज्यूंच्या हद्दपारीचा कायदा आला. विरोधात मत देणारा तो एकटा. युद्धानंतर त्यालाच देहान्ताची शिक्षा, सोव्हिएत छावणी, मग जन्मठेप. १९५७ मध्ये मीरोवच्या तुरुंगात मेला. स्लोव्हाकियात त्याच्याबद्दल अजून वाद आहे, पण ते एक मत पुसता येत नाही.

रानवाटा

एस्तेरहाझींचाच पेतर, लेखक, १९५० ते २०१६. १९५१ मध्ये कम्युनिस्ट राजवटीनं या घरांना चोवीस तासांत बुडापेस्ट सोडून खेड्यात जायला लावलं, तेव्हा तो बाळ होता. २००० मध्ये त्यानं घराण्यावर आणि वडिलांवर मोठी कादंबरी लिहिली. हस्तलिखित संपलं आणि लगेच कळलं की वडील वर्षानुवर्षं गुप्त पोलिसांना खबरा देत होते. काय करावं? त्यानं २००२ मध्ये दुसरं पुस्तक काढलं. वडिलांचे अहवाल जसेच्या तसे छापले, आणि ते उतरवून घेताना जिथे जिथे डोळ्यांत पाणी आलं तिथे 'अश्रू'चं आद्याक्षर, जिथे स्वतःची कीव आली तिथे तिचं. पानभर अहवाल आणि मध्येच ते एकाकी अक्षर.

लेहवारी

उशिरा पोचले. वरच्या थरातला नाही, पण भारताशी नातं असलेला एक सांगते. शान्दोर कोरोशी चोमा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेकेय सीमारक्षक घरातला. सेकेय लोक स्वतःला सगळेच्या सगळे उमराव समजत, आणि घरात दारिद्र्य. हंगेरियन लोक आशियात कुठून आले ते शोधायला हा १८१९ मध्ये निघाला, बराचसा पायी. बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर करत १८२२ ला लेहला पोचला. मूळ काही सापडलं नाही. पण झांस्करच्या झांगला गावात एका लामाकडे बसून तिबेटी शिकला आणि १८३४ मध्ये कलकत्त्याहून तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला. १८४२ मध्ये दार्जिलिंगला हिवतापानं गेला. कबर तिथेच आहे.

झांगलाची ती खोली मी पाहिलीय. उभं राहिलं तर डोकं छताला लागेल इतकी ठेंगणी, खिडकी हातभर. मी जुलैत गेले होते आणि तरी आत गारठा. यानं तिथे हिवाळा काढला, शेकोटीशिवाय, मेंढीच्या कातड्यात हात खुपसून, पान उलटायला तेवढा बाहेर काढायचा.

बालवाडीताई

लेहवारी, खोलीचा फोटो असेल तर टाका ना.

लेहवारी

रात्री टाकते, जुन्या हार्डडिस्कवर आहे.

कट्टेकरी

दुनातीर, या घराण्यांचं आता काय?

दुनातीर

१९४७ च्या कायद्यानं पदव्या बंद झाल्या, अजूनही बंदच. जमिनी त्याआधीच गेल्या. बरेच वाडे शाळा, इस्पितळं, धान्याची कोठारं झाले. काही आता संग्रहालयं, काही पडके. १९५१ ला बाहेर काढलेल्यांपैकी एकीची मुलगी आमच्या इमारतीत राहते, आता खूप म्हातारी आहे. तिच्याकडे आजीचा एकच चमचा उरलाय, वर मुकुटाची खूण. त्यानं ती रोज कॉफीत साखर ढवळते. मी विचारलं, जपून का नाही ठेवत? म्हणाली, चमचा आहे तो.

गोदाकाठ

काय काय दिलंत सगळ्यांनी! वाचनखूण साठवलीय. आडवाटेचा आणि बालवाडीताई, तुमच्या दोघांच्या मध्ये माझं मन अडकलंय. पण मी सेचेन्यीलाच धरून राहते. त्यानं १८२५ मध्ये विद्वत्‌सभेसाठी वर्षाचं सगळं उत्पन्न देऊ केलं, त्याहून मला तो पूल मोठा वाटतो, कारण देणगीनं देणारा मोठा होतो आणि टोलनाक्यावर सगळे एका रांगेत येतात. त्या पुलावरून पहिल्या दिवशी तो कसा चालला असेल, हे कुठे वाचायला मिळेल का?

जुनीपोथी

ताई, तो चाललाच नाही. १८४८ च्या सप्टेंबरात क्रांतीचं रूपांतर युद्धात होताना पाहून त्याचं मन ढासळलं. त्याला व्हिएन्नाजवळ ड्योब्लिंगच्या मनोरुग्णालयात नेलं. पूल २० नोव्हेंबर १८४९ ला उघडला, तेव्हा तो तिथेच होता. १८६० मध्ये तिथेच त्यानं स्वतःला गोळी घातली. पुरा झालेला पूल त्यानं ओलांडला नाही.

गोदाकाठ

मी तीन आठवड्यांत रोज चार वेळा ओलांडला. भाजी आणायला पेश्तच्या बाजूला जायचे, ती मंडई स्वस्त म्हणून.

दुनातीर, ऑक्टोबरात पुन्हा येतेय. नाज्यत्सेंकला त्याची समाधी आहे ना? बुडापेस्टहून आगगाडी थेट जाते की शोप्रोनला बदलायची?

दुनातीर

शोप्रोनच्या बाजूलाच आहे, बघून सांगतो. शनिवार धरा, मीही येतो.